सरांच्या मनगटावर मी बसवलेली प्लेट

डॉ. भास्कर तळवणेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते यंत्रमागाच्या शेडमध्ये. हाडांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण संपवून मी मुंबईहून नुकताच घरी, अंजूरला परतलो होतो. भिवंडीत हाडांचे एक डॉक्टर आहेत आणि त्यांना हाताखाली माणूस हवा आहे, एवढेच कळले होते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाईल काखेत धरून मी सकाळी त्यांच्या लहानशा रुग्णालयात पोहोचलो. सिस्टर म्हणाल्या, "सर लूमवर गेलेत. तिकडेच जा, नाहीतर दुपारपर्यंत बसून राहावं लागेल."

टेमघरच्या वाटेवर एका शेडमध्ये ते सापडले. आत मागांचा असा खडखडाट, की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येऊ नये. पन्नाशी ओलांडलेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला एक गृहस्थ एका मागापाशी वाकून उभा होता आणि मागावरच्या कारागिराच्या हाताकडे टक लावून पाहत होता. कारागिराचे नाव रज्जाकभाई. त्यांच्या मनगटाचे प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते. रज्जाकभाई माग थांबवत, सूत संपलेला धोटा काढत, त्यात भरलेली कांडी बसवून, सुताला गाठ मारून तो पुन्हा आत सारत आणि दांडा ओढत. सर आपला रिकामा हात हवेत तसाच वळवून पाहत होते. रुग्ण जणू ते स्वतःच होते.

"कोण?" ते ओरडून म्हणाले.

मी ओरडून नाव सांगितले. त्यांनी माझी फाईल घेतली, न उघडताच खिडकीत साठलेल्या कापसाच्या धुळीवर ठेवली आणि म्हणाले, "धोटा बदलताना मनगट कुठे वळतं ते बघा. मी तीनदा पाहिलं, नीट कळत नाहीये."

मी पाहिले. बाहेर आल्यावर सांगितले, "सर, मनगट मागे वळतं आणि त्याच वेळी अंगठ्याच्या बाजूला झुकतं."

रज्जाकभाई मागोमाग आले होते. ते म्हणाले, "साब, गाँठ तो बँध जाती है, पर देर लगती है. तब तक बाजू का लूम खड़ा रहता है."

सरांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? हाड जुळलंय. पण ह्यांचं काम अजून ह्यांना परत मिळालेलं नाही. उद्यापासून या."

माझी मुलाखत ती एवढीच. फाईल मी दुसऱ्या दिवशी जाऊन खिडकीतून उचलून आणली.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्यात त्यांच्या शस्त्रक्रियेतील कौशल्याबद्दल माझ्याहून जाणती मंडळी लिहितील. मी त्यांच्या हाताखाली वाढलो. मला लिहायचे आहे ते मनगटांविषयी, आणि त्यातही एका मनगटाविषयी. ते लिहावे की नाही, या विचारात महिना गेला. शेवटी सरांनाच पत्राने विचारले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले. ते पुढे सांगेन.

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. बाकीचे तिला व्यायामाची खोली म्हणत, सर 'शाळा' म्हणत. भिंतीला एका फळीवर कड्या, कुलपे आणि नळाच्या तोट्या ठोकलेल्या असत. एका कोपऱ्यात जाते होते. दोरी लावलेली बादली कप्पीला टांगलेली असे. रज्जाकभाईंनी पुढे एक जुना धोटा आणून दिला, तोही तिथेच असे. प्लास्टर निघालेला प्रत्येक माणूस या शाळेत दाखल होई आणि सर रोज दुपारी तिथे तासभर बसत. नोंदवहीत ते रुग्णाच्या नावापुढे त्याचा धंदा लिहीत, आणि मग त्या धंद्यात हात काय काय करतो त्याची चित्रे काढीत. त्यांची चित्रे फार वाईट असत. माणसे ओळखू येत नसत, पण हात मात्र अचूक असत.

आमच्याकडची पहिली प्लेट सोनीबाईंच्या हाताला बसली. सोनीबाई डोंगराकडच्या पाड्यावरच्या. लाकडाची मोळी घेऊन उतरताना पाय सटकला आणि सगळा भार उजव्या तळव्यावर आला. मनगटाच्या सांध्याची तळव्याकडची कड तुटली होती, आणि त्या कडेबरोबर अख्खा पंजाच पुढे सरकला होता. असे मनगट ओढून जागेवर बसवता येते, पण टिकत नाही. आम्ही दोनदा बसवून प्लास्टर घातले, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ते पुन्हा घसरले.

तिसऱ्यांदा एक्स-रे पाहून सर त्यांच्या खाटेपाशी गेले. सोनीबाई सगळ्या जगाला 'तू'च म्हणत, सरांनाही. त्या म्हणाल्या, "डाक्टर, हात वाकडा ऱ्हायला तरी चालंल. पर आवणी करता यील का न्हाय, तेवढं सांग."

"आवणी कशी करता, दाखवा बघू."

सोनीबाईंनी डावा हात पुढे केला. भाताची रोपे अंगठ्यात आणि दोन बोटांत धरून चिखलात कशी खुपसायची, ते त्यांनी खाटेच्या चादरीवर करून दाखवले. सर बराच वेळ तो हात पाहत राहिले. मग सरळ म्हणाले, "प्लास्टरने हे होणार नाही. आत पट्टी बसवावी लागेल. पोलादाची, एवढीशी."

"मंग बसव."

आमच्यासारख्या गावात मनगटावर प्लेट बसवणे म्हणजे नसते धाडस, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, अजूनही आहेत. सरांनी मुंबईहून ती लहान, टी आकाराची प्लेट मागवून घेतली होती. भिंत पुढे कलू नये म्हणून तिला धिरा द्यावा, तशी ती प्लेट तुटलेल्या कडेला खालून आधार देते. शस्त्रक्रियेच्या आधी दोन दिवस सर ती प्लेट खिशात बाळगत होते. चहा पिताना काढून पाहत, माझ्या मनगटावर ठेवून पाहत. "धातू काय, पडून राहील," ते म्हणाले. "आपण काय करणार आहोत, तर सोनीबाईंना हात लवकर हलवता यावा एवढी सोय. बाकी सगळं त्याच करणार आहेत."

शस्त्रक्रिया नीट झाली. खरी अडचण शाळेत आली. सर त्यांना रबरी चेंडू दाबायला देत आणि सोनीबाई तो खाटेखाली टाकून देत. "चेंडू काय दाबायचा? मी काय पोर हाय?"

दुसऱ्या दिवशी सर स्वतः एक घमेले घेऊन आले. त्यात चिखल कालवला होता. वर मूठभर गवत ठेवले होते. घमेले सोनीबाईंपुढे ठेवून ते शेजारी स्टुलावर बसले. सोनीबाई आधी हसल्या. मग गवताची एकेक काडी उजव्या हाताच्या बोटांत धरून चिखलात खोचू लागल्या. पहिली काडी पडली. दुसरीही पडली. वेदनेने त्यांचा ओठ दाताखाली गेला होता. दुपार कलेपर्यंत घमेल्यात तीन वाकड्यातिकड्या ओळी उभ्या होत्या, आणि सरांच्या पांढऱ्या पँटवर चिखलाचे शिंतोडे. त्या पावसाळ्यात सोनीबाईंनी आपल्या शेताची आवणी केली. त्यानंतर दर वर्षी त्या डोंगरातली भाजी घेऊन येत, सरांपुढे मनगट गोल फिरवून दाखवत आणि निघून जात.

सरांजवळची माझी चार वर्षे अशी गेली. सकाळी आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना उभे असू. सर फार बोलत नसत. हत्यार हवे असले की फक्त तळहात उघडत. मी चुकलो तर हात तसाच उघडा ठेवून थांबत, आणि चूक मला माझीच कळे. आज मी एकटा टेबलापाशी उभा असतो, तेव्हा समोरचा तो उघडा तळहात मला कितीदा तरी हवासा वाटतो.

मग ती दुपार आली. कशेळीला एका वखारीत हमाली करणारा आमचा एक रुग्ण गोणी कशी उचलतो, ते पाहायला सर स्कूटरवरून गेले होते. परत येताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. सरांची स्कूटर घसरली आणि ते उजव्या हातावर पडले. सुताच्या गोण्या भरलेला एक टेम्पो त्यांना घेऊन आला. ते टेम्पोतून उतरले तेव्हा हाताला वर्तमानपत्राची जाड घडी रुमालाने बांधलेली होती. ती त्यांनी स्वतःच डाव्या हाताने आणि दातांनी बांधली होती.

एक्स-रेची फिल्म त्यांनी स्वतः खिडकीच्या उजेडात धरली. थोडा वेळ पाहिली आणि माझ्या हातात दिली. तळव्याकडची कड तुटून पंजा पुढे घसरला होता. सोनीबाईंचे मनगट आम्ही पाहिले होते, हे त्याहून वाईट होते.

"प्लेट लागेल," सर म्हणाले.

"हो सर. मी मुंबईला फोन लावतो. गाडीची व्यवस्था..."

"तू कर."

तोवर सर मला 'पाटील, तुम्ही' म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

"सर, मी नाही करणार."

"का?"

"तुमचा हात आहे सर. उजवा हात आहे."

सरांच्या पत्नी सुमतीकाकू दारात उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "अहो, मुंबईला मोठमोठी माणसं आहेत. त्याच्यावर कशाला हे ओझं टाकता?"

सर माझ्याकडेच पाहत होते. "रज्जाकचा हात त्याचा उजवा नव्हता? सोनीबाईंचा नव्हता? त्यांना मी मुंबईला पाठवलं नाही. मी कसा जाऊ, हरिश्चंद्र?"

मी सिस्टरना थिएटर तयार करायला सांगितले.

ठाण्याहून आलेल्या भूलतज्ज्ञांनी फक्त हात बधिर केला. सर जागे होते. त्यांचे तोंड आणि त्यांचा हात यांच्यामध्ये एक हिरवा कपडा टांगलेला होता, आणि त्या कपड्यापलीकडून त्यांचा आवाज येत होता.

"काय दिसतंय?"

"कडेचे तीन तुकडे आहेत, सर."

"मधला?"

"मधला खाली दबलाय."

"उचल त्याला. घाई करू नकोस."

मी तो तुकडा उचलला, खाली आधार दिला, प्लेट ठेवली, स्क्रू बसवले. मग टेबलावरच एक्स-रे काढला आणि सिस्टर ओली फिल्म घेऊन आल्या. फिल्मवरून पाणी ठिबकत होते. पंजा जागेवर आला होता. प्लेट सरळ होती. पण सांध्याच्या मधोमध तो तुकडा केसभर खाली राहिला होता. फरशीतली एखादी लादी बाकीच्यांहून जराशी खोल बसावी, तसा.

रक्त थांबवण्यासाठी दंडाला बांधलेला पट्टा सोडायची वेळ जवळ आली होती. प्लेट काढून पुन्हा प्रयत्न करावा, तर तुकड्याचा भुगा होण्याची भीती. तसेच ठेवावे, तर ती पायरी जन्मभर राहणार. हे सगळे मी किती वेळात मनात आणले ते सांगता येणार नाही. पण ठरवले मी, आणि एकट्यानेच ठरवले.

"फिल्म कशी आहे?" कपड्यापलीकडून आवाज आला.

"छान आहे, सर."

सर म्हणाले, "टाके घाल."

काही दिवसांनी सर स्वतःच्या शाळेत विद्यार्थी म्हणून बसू लागले. बोटे, मग कोपर, मग हळूहळू मनगट. पहिल्या आठवड्यात त्यांच्याने नळाची तोटी फिरेना. शेजारी एक कारागीर तीच तोटी सहज फिरवत होता. सर त्याला म्हणाले, "आप तो पास हो गए. हमारा अभी पहला ही साल है." सगळी खोली हसली. सरही हसले. पण तोटीवरची त्यांची बोटे पांढरी पडलेली मी पाहिली.

त्याच सुमाराला सोनीबाई भाजी घेऊन आल्या. सरांचा हात पाहून जमिनीवर फतकल मारून बसल्या. "आता तू कर," त्या म्हणाल्या. "मला करवलंस ना? दुखतंय तर दुखू दे. कर."

"करतोय की हो."

"असं न्हाय. ह्यं असं." त्यांनी सरांचा हात हाती घेतला आणि मनगट मागे वळवले. सरांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. कुणा डॉक्टरचा हात रुग्णाने असा हाती घेतलेला मी त्यानंतर कधी पाहिला नाही.

हाड जुळले. सर जेवू लागले, लिहू लागले, शर्टाची बटणे लावू लागले. मनगट पुढे वाकत होते, मागे मात्र अर्ध्यावरच अडत होते, आणि जोर देऊन काही पिळले की आतून कळ येई. सहा महिन्यांनी एका सकाळी ते हात धुऊन, गाऊन घालून टेबलापाशी आले. केस साधी होती. मी समोर उभा होतो, चार वर्षे उभा राहिलो होतो तसाच. त्यांनी तळहात उघडला, मी पेचकस दिला. पहिला स्क्रू गेला. दुसरा अर्ध्यावर गेला आणि सर थांबले. पुन्हा प्रयत्न केला. पेचकस खाचेतून निसटला. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "पुढे तू."

ते तिथेच शेवटपर्यंत उभे राहिले, टाके होईपर्यंत. मग गाऊन काढला, चार घड्या घातल्या आणि कपड्यांच्या टोपलीत टाकण्याऐवजी कपाटात ठेवला. त्यानंतर सरांनी शस्त्रक्रिया केली नाही.

मला झोप लागेना. जेवण जाईना. अंजूरला माझे वडील भातशेती करतात. तेच एकदा म्हणाले, "काय झालंय तुला? बोलत का न्हाय?" वडिलांना सांगता येण्यासारखे ते नव्हते. शेवटी एका रविवारी संध्याकाळी फिल्म घेऊन सरांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते. मी फिल्म त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, "सर, त्या दिवशी मी खोटं बोललो."

त्यांनी फिल्मकडे पाहिलेसुद्धा नाही. "मला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी तू राऊंडला गेलास तेव्हा सिस्टरकडून मागवून पाहिली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याच आठवड्यात तुझ्या यादीत दोन मनगटं होती. मी बोललो असतो, तर त्या दोघांची मनगटं करताना तुझा हात कचरला असता."

मी रडू लागलो. सरांनी मला रडू दिले. मग म्हणाले, "हे बघ, तुझं काहीच चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. तू मला विचारायला हवं होतंस. मी जागा होतो. कदाचित मीही 'बंद कर' असंच म्हटलं असतं. कदाचित तो तुकडा माझ्याकडूनही याहून वर आला नसता. आता ते कुणाला कळणार? पण रुग्ण जागा असेल तर त्याला खरं सांगायचं. एवढं यापुढे कर."

थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "आणि आणखी एक, कारण तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मला ऑपरेशन करावंसं वाटतं, हरिश्चंद्र. रोज सकाळी वाटतं. हात धुताना वाटतं. ते जात नाही."

सुमतीकाकूंनी चहा आणून ठेवला. आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत अंगणात बसून राहिलो.

सरांची थोरवी मला विचाराल तर ती त्यानंतरच्या काळात आहे. हात गेलेला शल्यचिकित्सक कडवट होऊ शकतो, किंवा घरी बसू शकतो. सर पूर्वी शाळेत तासभर बसत, ते आता दिवसभर बसू लागले. सकाळी मी थिएटरमध्ये जाई, तेव्हा ते दारापर्यंत माझ्याबरोबर चालत येत, आतल्या दिव्यांकडे एकदा पाहत आणि मागच्या खोलीकडे वळत. तिथे माझ्या शस्त्रक्रियांची खरी तपासणी होई. "हाडाचा फोटो सुंदर आलाय तुझा," ते मला सांगत, "पण बाईंना भाकरी उलटता येत नाही. बघ." मग मी बघे. मी थिएटरमध्ये शिकलो त्याहून जास्त त्या खोलीत शिकलो. आणि ज्या रुग्णांना सांगायला अवघड असे काही असेल, त्यांना मी तेव्हापासून तोंडावर खरे सांगत आलो आहे.

सुमतीकाकूंचा दमा वाढत गेला. भिवंडीच्या हवेतला सुताचा धुरळा त्यांना सोसवेना. दोन वर्षांपूर्वी सर त्यांना घेऊन सावंतवाडीकडे, आपल्या मूळ गावी राहायला गेले. निघायच्या दिवशी रज्जाकभाई आपल्या मागावर विणलेली चादर घेऊन एस.टी. स्टँडवर आले. "साब, इसकी एक-एक गाँठ इसी हाथ की है," एवढेच म्हणून त्यांनी ती सरांच्या मांडीवर ठेवली. गाडी सुटताना सर खिडकीतून हात हलवत होते. ते मनगट कुठवर वळते हे मला अंशाअंशाने माहीत होते, आणि मी वळणापर्यंत तेच पाहत राहिलो.

त्या वर्षी सोनीबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा खोलीत सर नव्हते.

"तो कवा यील?" त्यांनी मला विचारले.

"न्हाय यायचे आता, सोनीबाई. गावाला गेलेत, लांब."

त्या सरांच्या स्टुलासमोर जाऊन बसल्या, भिंतीवरची तोटी दहा-बारा वेळा उघडली आणि बंद केली. त्यांचा हात केव्हाचाच बरा झाला होता. मग भाजी स्टुलावर ठेवून त्या निघून गेल्या. मला तेवढेही सुचले नव्हते. मी नुसता त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहत असे आणि परत फिरत असे.

हे सगळे लिहू का, असे मी सरांना विचारले होते. त्यांचे दोन ओळींचे उत्तर असे होते: "खुशाल लिही. फक्त प्लेट सरळ बसली होती, हेही लिही." म्हणून लिहितो, की प्लेट सरळ बसली होती.

सरांचे पत्र दर पंधरा दिवसांनी येते. काकूंचा श्वास आता बरा आहे. सर विहिरीचे पाणी स्वतः ओढतात, दोर ओला असला की मनगट कुरकुरते म्हणतात. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असतो: "या आठवड्यात तुझ्या यादीत काय आहे?" मी परतीच्या टपालाने यादी कळवतो. कुणाचे मनगट, धंदा कोणता, कड कुठे तुटली आहे, माझा विचार काय. सर प्रत्येकाविषयी आपले मत लिहून पाठवतात. सोबत हाताची चित्रे असतात. ती पत्रे येईपर्यंत त्या शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या असतात, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी दर वेळी पाकीट फोडून आधी एक्स-रे समोर लावतो आणि मग सरांनी काय सांगितले आहे ते वाचतो. कधी त्यांचे आणि माझे जुळलेले असते. कधी नसते, आणि मग त्या रुग्णाला शाळेत बोलावून मी त्याचा हात पुन्हा पाहतो.

सर, आपण साठ वर्षांचे झालात. आपल्याला आणि काकूंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आपल्या भिवंडीतल्या सगळ्या हातांची इच्छा मी इथे नोंदवतो. माझी स्वतःची इच्छा लहान आहे. पुढच्या आठवड्यात यादीत एक मनगट आहे. बाई वीटभट्टीवर काम करतात, कड तळव्याकडून तुटली आहे, मधला तुकडा दबलेला आहे. एक्स-रेचे रेखाटन वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. आपले उत्तर नेहमीप्रमाणे उशिराच पोहोचेल. पोहोचू दे. पुढची पुष्कळ, पुष्कळ वर्षे ते असेच उशिरा पोहोचत राहू दे.